काही झालेलं नसताना

गाडी रस्त्यात बंद पडली की तिची गोष्ट तयार होते. कुठे पडली, किती वाजले होते, पाऊस होता की ऊन, कोण देवासारखा धावून आला... ती गोष्ट पुढे दहा वर्षं पुरते आणि दर खेपेला थोडी वाढते. जी गाडी बंद पडलीच नाही तिची गोष्ट काय सांगणार? निघाली, पोचली, परत आली. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या मैफलीत बसलं की हा अन्याय फार जाणवतो. फुटलेला रेडिएटर, तुटलेला फॅन बेल्ट, जळालेला क्लच यांच्यावर तासभर रंगात येऊन बोलणारी माणसं, मी सस्पेन्शनचा चालता पार्ट काढून नवा घातला म्हटल्यावर एकदम गप्प होतात. मग कोणीतरी विचारतोच, "पण चालत होता ना? मग कशाला?"

मेकॅनिकने तर गाडी आत घेण्याआधीच विचारलं होतं.

"काय त्रास देतेय?"

"काही नाही."

"पुढून आवाज येतो?"

"नाही."

"एका बाजूला ओढते?"

"तेही नाही."

त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "मग साहेब, आणलीत कशाला?"

प्रश्न रास्त आहे. जुन्या गाडीच्या मालकाने खरं तर तो स्वतःलाच आधी विचारावा, आणि 'खबरदारी म्हणून' असं गुळमुळीत उत्तर ऐकून घेऊ नये. खबरदारी म्हणून काय काय बदलणार? अख्खी गाडीच जुनी आहे.

माझी गाडी मॉरिस मायनर. ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टमधल्या मोटार प्रदर्शनात मायनर पहिल्यांदा लोकांपुढे आली. तिचा कर्ता अ‍ॅलेक इसिगोनिस, तोच पुढे १९५९ साली मिनी घेऊन आला. मायनरचा नमुना जवळजवळ तयार झाल्यावर त्याला ती अरुंद वाटायला लागली, म्हणून त्याने ती उभी मधोमध कापायला लावली आणि दोन भाग चार इंच लांब सरकवले. बॉनेटवर मधून जाणारी सपाट पट्टी ही त्याचीच खूण. असल्या माणसाच्या हातची गाडी आवडू नये तर काय! पण याच माणसाच्या गाडीत पुढच्या चाकांपाशी एक सांधा आहे, ज्याच्यामुळे मला हा सगळा खटाटोप करावा लागला.

मायनरमध्ये पुढे कॉइल स्प्रिंग नाही, पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) तेही नाहीत. दोन्ही बाजूंना चेसिसच्या कडेने मागे जाणारी एकेक लांब पोलादी कांब आहे. चाक वर उचललं की ती पिळली जाते आणि तो पीळच स्प्रिंगचं काम करतो. हा टॉर्शन बार. त्याच्या पुढच्या टोकाला खालचा आर्म. वरचा आर्म म्हणून वेगळं काही नाहीच. शॉकअपचा दांडाच ते काम करतो. हे शॉकअप आजच्या नळीसारखे नसतात, तेल भरलेला एक ओतीव डबा आणि त्यातून बाहेर आलेला हात असं त्यांचं रूप. या दोन आर्मच्या मधे उभा किंगपिन, म्हणजे ज्याच्याभोवती चाक वळतं तो खांब, आणि किंगपिनची टोकं ज्यात फिरतात ते ट्रनियन. किंगपिनच्या टोकाला आटे आहेत, ट्रनियनच्या आतही आटे आहेत. स्टीअरिंग वळवलं की किंगपिन त्या आट्यांमध्ये थोडा आत, थोडा बाहेर असा फिरतो.

आता जोर कुठून कुठे जातो ते बघा. रस्ता चाकाला वर ढकलतो. गाडीचं वजन टॉर्शन बारमधून खालच्या आर्मला खाली दाबतं. म्हणजे किंगपिन वर आणि खालचा ट्रनियन खाली, अशी सतत ओढाताण. गाडी चालत असो वा आठ महिने झाकून ठेवलेली असो, किंगपिनचं खालचं टोक ट्रनियनमधून उपसून निघू पाहत असतं. त्याला धरून ठेवतात ते आटे. बाकी कोणी नाही. ना मागे लोखंडी टोपी, ना पिन, ना दुसरा आधार.

त्या आट्यांना ग्रीस पोचत राहिलं तर ते वर्षानुवर्षं टिकतात. नाही पोचलं तर पाणी शिरतं, धूळ शिरते, जुन्या ग्रीसमध्ये मिसळते, आणि जी राखाडी लगदी बनते ती वंगण देत नाही, घासते. आटे झिजून धारदार होतात. मग एके दिवशी किंगपिन सुटतो आणि चाक आडवं पडतं. मायनरवाल्यांमध्ये हा प्रकार इतका माहितीचा आहे की कोणाला नवल वाटत नाही. बहुतेकदा हे गाडी पार्क करताना होतं, म्हणजे वेग नाही आणि स्टीअरिंग पूर्ण वळवलेलं. या 'बहुतेकदा'वर पुष्कळ लोक निर्धास्त राहतात. मला तेवढं धाडस नाही.

(मायनर एकटी नाही. १९५९ साली आलेल्या ट्रायम्फ हेरल्डमध्येही खाली असाच आट्यांचा ट्रनियन आहे, आणि तिथे ग्रीस नको, घट्ट गिअर ऑइल घाला, असं कंपनीचंच सांगणं होतं. दिसला निप्पल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) की लावली ग्रीस गन, या सवयीने किती किंगपिन गंजून मोडले असतील कोण जाणे.)

तर मेकॅनिकला दिलेलं माझं उत्तर असं होतं: हा सांधा आवाज करत नाही. शॉकअप गेला तर गाडी डोलून सांगते. मागच्या पाट्यांचे बुश, म्हणजे सांध्यात बसवलेल्या रबरी चकत्या-नळ्या, गेले तर मागून खडखड येते. व्हील बेअरिंग घरघरतं. हे सगळे तक्रार करणारे पार्ट. त्यांची वाट पाहता येते. ट्रनियन मात्र गाडीच्याच वजनाने ओढून धरलेला असल्यामुळे त्याचा सैलपणा लपलेला राहतो. आटे अर्धे खाल्ले गेले तरी ओढाताणीमुळे घट्ट बसलेले असतात. त्याला आवाज करायला मोकळी जागाच नाही.

मेकॅनिकने ऐकून घेतलं, जॅक लावला आणि चाक अधांतरी केलं. एक हात टायरच्या डोक्यावर, एक पायथ्याशी, आणि आळीपाळीने आत-बाहेर दाबून पाहिलं. किंचित हललं. लगेच मला आत बसून ब्रेक दाबायला सांगितलं. ही जुनी युक्ती आहे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर प्ले (ढिलेपणा) बेअरिंगमध्ये, कारण ब्रेकने ड्रम मागच्या प्लेटशी बांधला जातो. ब्रेक दाबूनही हललं तर दोष त्याच्या पलीकडे, म्हणजे किंगपिन नाहीतर ट्रनियन. ब्रेक दाबला. तरी हललं. अगदी थोडं. मग त्याने टायरखाली पहार घालून उचलून पाहिलं आणि ट्रनियनजवळ डोळा नेला.

"आहे थोडा," तो म्हणाला. "पण चालेल अजून."

किती चालेल, हे त्याला सांगता आलं नाही, आणि मलाही ते अपेक्षित नव्हतं. खरी मेख इथेच आहे. आटे किती उरलेत हे बाहेरून दिसत नाही. ते पाहायचे तर सांधा उघडायला हवा. खालच्या आर्मला खालून जॅकचा भक्कम आधार द्यायचा, कारण टॉर्शन बारमध्ये साठलेला पीळ अचानक सुटला तर तो आर्म हाड मोडू शकतो. मग एकेक नट. इतकं सगळं उघडल्यावर तोच जुना ट्रनियन परत बसवणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

१५ डिसेंबर १९६७ रोजी अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि ४६ माणसं गेली. पूल १९२८ सालचा. त्याला तारांचे दोर नव्हते, पोलादी पट्ट्या पिनांनी जोडून केलेली साखळी होती, आणि त्यातल्या एका पट्टीच्या भोकाच्या आतल्या बाजूला जेमतेम अडीच मिलिमीटर खोलीची चीर होती. ती चीर सांधा उघडल्याशिवाय दिसणं शक्यच नव्हतं, आणि ती पट्टी तुटल्यावर भार घ्यायला दुसरं काही नव्हतं. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पुढची फार कमी जणांना. त्याच नदीवर सेंट मेरीज गावापाशी त्याच धर्तीचा दुसरा पूल उभा होता, त्याच वर्षी बांधलेला. त्याला काहीही झालं नव्हतं. तो वाहतुकीला बंद केला गेला आणि १९७१ साली पाडून टाकला. तो पडला असता का? कोणालाही कधीच कळणार नाही. ज्यांनी तो पाडायचा निर्णय घेतला त्यांच्याकडे 'बघा, आम्ही वाचवलं' असं म्हणायला एक माणूसही नाही. मला त्या निर्णयाबद्दल फार आदर वाटतो.

पण एवढ्यावर थांबलो तर मी माझ्याच बाजूने वकिली केली असं होईल. दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे आणि ती माझ्या मेकॅनिकच्या बाजूची आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडची, म्हणजे समुद्रावर पहारा देणाऱ्या हवाई दलाच्या विभागाची, लिबरेटर विमानं पाणबुड्यांच्या शोधात अटलांटिकवर घिरट्या घालत. विमानं कमी, त्यातली बरीचशी दुरुस्तीत अडकलेली. सी. एच. वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाच्या गटाने त्यांच्या दुरुस्तीच्या नोंदी चाळल्या. नियम असा की दर पन्नास तासांच्या उड्डाणानंतर ठरलेली तपासणी. अपेक्षा ही, की तपासणीनंतर बिघाड कमी व्हावेत आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढावेत. दिसलं उलटं. बिघाड तपासणीच्या लगेच नंतर सगळ्यात जास्त होते आणि मग हळूहळू कमी होत जात. धडधाकट विमान उघडून, हात घालून, परत बंद करण्यातच नवे बिघाड जन्माला येत होते.

पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानाच्या पार्टांपैकी केवळ ११ टक्के पार्ट असे निघाले की ज्यांचा बिघाड वय वाढेल तसा वाढत जातो. उरलेल्या ८९ टक्क्यांना 'इतके तास झाले, बदला' असा नियम लावून काही फायदा नाही. त्यातही ६८ टक्के तर असे, की ते बसवल्यावर सुरुवातीलाच दगा देण्याची शक्यता जास्त. म्हणजे चालता जुना पार्ट काढून नवा घालणं हा तिथे चक्क तोट्याचा सौदा. "चालतंय ते चालू द्या" हे मेकॅनिकचं वाक्य आळसातून येतं असं मला पूर्वी वाटायचं. त्या वाक्यामागे आकडेवारी आहे.

मात्र त्या ११ टक्क्यांत काय आहे ते पाहण्यासारखं आहे. टायर, ब्रेकचे घासणारे भाग, विमानाचा सांगाडा. साधे, एकाच तऱ्हेने झिजणारे, थकणारे पार्ट. ज्यांच्यात शंभर गोष्टी बिघडू शकतात त्यांचं वय सांगता येत नाही. ज्याच्यात एकच गोष्ट बिघडू शकते त्याचं सांगता येतं. ट्रनियनमध्ये एकच गोष्ट बिघडू शकते. रबरी बुशमध्येही एकच.

बुशचं वय किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, हे मात्र मालकांच्या गळी उतरवणं फार कठीण. "गाडी फारशी चाललेलीच नाही हो!" हे वाक्य जुन्या गाडीच्या प्रत्येक जाहिरातीत असतं. चार्ल्स गुडइअरने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवलं आणि त्याचा चिकट गोळा कामाचा झाला, तो रबराच्या लांब साखळ्या गंधकाने एकमेकींना जागोजाग बांधल्यामुळे. पण हवेतला ऑक्सिजन त्या साखळ्यांवर काम करतच राहतो. कुठे तोडतो, कुठे नको तिथे नव्या गाठी मारतो, आणि रबर कडक होतं. ताणलेल्या रबरावर ओझोन हल्ला करतो आणि ताणाला आडव्या चिरा पाडतो. उभ्या गाडीतही बुशवर गाडीचं वजन असतंच. त्यामुळे गॅरेजमध्ये झाकलेली, लाडात ठेवलेली गाडी या बाबतीत रोज चालणाऱ्या गाडीइतकीच म्हातारी होते.

खालच्या आर्मचे बुश निघाले तेव्हा मी एक हातात घेऊन उजेडात धरला. बाहेरून बघितलं तर कडा सुजून बाहेर आलेली, तेलाने फुगलेली, आणि तिच्यावर आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा. नखाने दाबलं, खूण उठली नाही. मधलं भोक मधोमध राहिलं नव्हतं, वजनाच्या बाजूला सरकलं होतं. एका बाजूला रबर जाड, दुसरीकडे पातळ पापुद्रा. ट्रनियनचं म्हणाल तर पुसल्यावर आतले आटे दिसले. तळाचे दोन-तीन चांगले, जाड पाठीचे. वरचे घासून पात्यासारखे झालेले. बोट फिरवायला नको वाटत होतं.

मेकॅनिकने तो नळीसारखा उचलून एका डोळ्याने आत पाहिलं. "वर्षभर गेला असता," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "कदाचित."

नवे पार्ट आणले म्हणजे प्रश्न सुटला असं नाही, हे सांगायला हवं. जुन्या गाडीवाल्यांना 'त्या काळातला मूळ पार्ट, न वापरलेला, डब्यासकट' याचं भलतं वेड असतं. लोखंडी पार्टाच्या बाबतीत ते ठीक आहे, बऱ्याचदा शहाणपणाचंही. पण चाळीस वर्षं डब्यात पडलेला रबरी बुश हा चाळीस वर्षांचा बुश आहे. डब्यात हवा होतीच. टायरच्या कडेला निदान चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. बुशवर असं काही नसतं, म्हणून विकणाऱ्याला तो 'नवा' म्हणता येतो.

पॉलियुरेथेनचे बुशही मिळतात. लाल, पिवळे, दिसायला झकास. ते रबरापेक्षा टिकतात, तेलाला दाद देत नाहीत आणि स्टीअरिंग नेमकं करतात. पण त्यांना दरवेळी वंगण लागतं, नाहीतर कुईकुई करतात, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा ते गाडीच्या अंगापर्यंत पोचवतात. रबर पिळलं जातं, पॉलियुरेथेन सरकतं, हा दोघांतला फरक. शर्यतीला उतरणाऱ्याने खुशाल घालावेत. सत्तर वर्षांपूर्वीच्या पातळ पत्र्याला तो कडकपणा सोसवेल असं मला वाटत नाही, म्हणून मी रबरच घेतलं, आणि यावर मैफलीत वाद घालायची माझी तयारी आहे.

बसवताना एक गोष्ट मात्र कोणाशीही भांडून करून घ्यावी. बहुतेक गाड्यांच्या बुशमध्ये आत एक नळी, बाहेर एक नळी आणि मधे रबर असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं. मग गाडी जॅकवर, चाक लोंबकळतंय आणि अशा वेळी बोल्ट कचकचून आवळला तर रबराची सरळ स्थिती ठरते ती लोंबकळणारी. गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं, आणि बिचारा नवा कोरा बुश थोड्याच काळात फाटतो. वॉडिंग्टनने पाहिलेल्या तपासणीनंतरच्या बिघाडांचं आपल्या गॅरेजमधलं रूप हे असं. म्हणून बोल्ट आधी नुसते बसते करायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून-मागून दाबून नेहमीच्या उंचीला येऊ द्यायची, आणि मग खाली शिरून शेवटचं आवळायचं. अडचणीचं काम आहे. पाठ जमिनीला, पाना फिरवायला जेमतेम जागा. माझा मेकॅनिक कुरकुरला, पण खाली शिरला.

अलाइनमेंट करून गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच वळणावर ती मला ओळखू येईना. स्टीअरिंग वळवायचं आणि क्षणभर थांबायचं, मग गाडी वळणार, अशी माझी इतक्या दिवसांची सवय. मी तिला मायनरचा स्वभाव म्हणत होतो. 'जुन्या गाड्या अशाच असतात, त्यांना वेळ द्यावा लागतो' वगैरे नवख्यांना सांगतही होतो. आता वळवलं की वळली. सरळ रस्त्यावर हातांनी जी बारीक बारीक दुरुस्ती सतत चालू असायची, तिची गरज उरली नाही. पहिले काही दिवस माझे हात ती उगीचच करत राहिले आणि गाडी नागमोडी चालली.

म्हणजे 'काही त्रास नाही' हे मी मेकॅनिकला सांगितलं ते खरं होतं, आणि खरं नव्हतंही. झीज इतक्या हळू झाली की प्रत्येक दिवशी गाडी कालच्यासारखीच होती. मी तिच्याबरोबर सरकत गेलो. म्हणून पार्ट बदलायचा की नाही हे चालवणाऱ्याच्या अंगावर सोडू नये असं मला आता वाटतं. त्याला काहीच कळत नाही. कधीतरी गाडी दुसऱ्या मायनरवाल्याच्या हातात द्यावी आणि तो उतरल्यावर त्याच्या तोंडाकडे बघावं.

बाकीच्या गाडीला मी हात लावलेला नाही. टॉर्शन बार मूळचेच आहेत, सरळ आहेत, त्यांच्यावर ओरखडा किंवा गंजाचा खड्डा नाही, तर ते तसेच राहतील. फक्त नव्या बुशवर गाडी थोडी चालल्यावर दोन्ही बाजूंची उंची पुन्हा मोजायची आहे. मागचा डावा शॉकअप थोडं तेल पाझरतो. त्याची पातळी बघून तेल भरतो आणि सोडून देतो, कारण तो गेला तर मागचं टोक डोलायला लागेल आणि मला कळेल. पाट्यांच्या शॅकलचे (पाटा गाडीला टांगणाऱ्या कडीचे) बुश थोडे वाजतात. वाजू देत. ग्रीस गनचं मात्र वेळापत्रक केलंय आणि ते गॅरेजच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. मेकॅनिकने ते वाचलं आणि पेन मागून तारखेपुढे एक ओळ वाढवली: "चाक उचलून घालणे." त्याचं बरोबर आहे. चाक जमिनीवर असताना आटे एका बाजूला दाबलेले असतात आणि ग्रीस त्या बाजूला जातच नाही.